खुर्च्या हलतात का?

लताबाईंनी नकाशा पुन्हा एकदा फिरवला. आधी तो उभा होता, मग आडवा झाला, आता डोक्यावर उभा राहिला. जेवणाच्या टेबलावर कोथिंबिरीची जुडी अर्धी निवडून पडली होती. तिच्या शेजारी दुसरा नकाशा पसरलेला होता आणि तो पंख्याने उडू नये म्हणून त्याच्यावर मिठाची बरणी. डिसेंबरात पंखा चालू नव्हता, पण बरणी आपली सवयीने ठेवलेली.

"अहो," त्या म्हणाल्या, "यात पूर्व कुठे आहे?"

विष्णुरावांनी पेपरातून मान काढली नाही. "कशाची पूर्व?"

"जहाजाची."

"जहाजाला पूर्व नसते."

"असं कसं? पूर्व सगळ्यांनाच असते."

"अगं, नकाशावर उत्तरेचा बाण असतो. तो बघ, म्हणजे पूर्व आपोआप सापडेल."

"बाण पुष्कळ आहेत. पण सगळे लिफ्टकडे चाललेत."

एवढ्यावर मात्र पेपर खाली आला. विष्णुराव घारपुरे केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते, आणि कागदावर एखादी गोष्ट सापडत नाही असं कुणी म्हटलं की त्यांना तो खात्याचा अपमान वाटायचा. चष्मा चढवून ते टेबलाशी आले. नकाशा सुलटा केला, जवळ धरला, लांब धरला.

"हे डावीकडचं टोक म्हणजे तोंड. तोंड जिकडे, ती पूर्व धर. सोपं आहे."

"आणि परत येताना?"

"परत येताना..." विष्णुरावांनी मिठाची बरणी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. "परत येताना पश्चिम."

"म्हणजे जाताना खोलीत कोवळं ऊन आणि येताना दुपारचं रणरणतं? एकाच खोलीत?"

"ते मला काय माहीत! अंकुरला विचार. त्याचीच ही हौस."

अंकुरला फोन लावला. तो गुरुग्रामात एका कंपनीत कामाला, रविवार सोडला तर सदा मीटिंगमध्ये. तरी आईचा फोन त्याने घेतला, आणि प्रश्न ऐकून इतका हसला की लताबाईंनी फोन कानापासून लांब धरला.

"आई, यार, जहाज वळतं गं! तुझी खोली सकाळी पूर्वेला असेल, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी आणि कुठे!"

"असली कसली खोली? एका जागी थांबत नाही ती?"

"जहाज आहे ते, आई. सोसायटी नाही."

लताबाईंनी फोन ठेवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात गेली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

आता यात त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? दिल्लीत घर बघायचं म्हणजे आधी दिशा बघायची. पश्चिमेची खोली घेतली की जून महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही. वरचा मजला घेतला की गच्ची तापते आणि पाणी चढत नाही. तळमजल्यावर डास. जिन्याशेजारी घेतलं तर येणारा-जाणारा प्रत्येक जण आपलं कुलूप बघून जातो. हे सगळं ज्ञान लताबाईंकडे होतं, शेजारणींना त्यांनी ते मुक्तहस्ते वाटलंही होतं. स्वतःसाठी वापरायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती.

लग्न होऊन मिरजेहून दिल्लीला आल्या तेव्हा सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. मिळालं म्हणजे अलॉट झालं. कागद आला, त्यावर नंबर होता, किल्ली घेतली, राहायला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांच्या मोरीचे पाइप दिसायचे. पुढे सरकारी नोकरांनी मिळून मयूर विहारला सोसायटी काढली, तिथे फ्लॅट मिळाला, तोही चिठ्ठ्या टाकून. शामियाना घातला होता, समोसे होते, आणि एका निळ्या प्लास्टिकच्या बादलीत सगळ्यांची घरं घडी करून ठेवली होती. लताबाईंना दुसऱ्या मजल्यावरचा, बागेकडे तोंड असलेला फ्लॅट हवा होता. त्यांनी तो मनातल्या मनात लावूनही टाकला होता, कपाट कुठे, देव कुठे. विष्णुरावांनी बादलीत हात घातला आणि तळमजला निघाला. पाण्याच्या पंपाशेजारचा.

"कसा वाटला?" कुणीतरी विचारलं होतं.

"छान आहे की," लताबाई म्हणाल्या होत्या. "मला काय, कुठेही चालतं."

हे वाक्य तेव्हापासून त्यांना चिकटलं. त्या शाळेत शिकवायच्या, तिथे स्टाफरूममध्ये दाराशेजारची, येणाऱ्या प्रत्येकाचा धक्का लागणारी खुर्ची त्यांची. मराठी मंडळाच्या नाटकाला सगळ्यांना बसवून झाल्यावर खांबामागची उरलेली जागा त्यांची. लोक कौतुकाने म्हणायचे, 'लताचं बरं आहे, तिला कुठेही चालतं.' इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांनाही वाटायला लागलं होतं की असेल, आपला स्वभावच तसा असेल.

आणि आता लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने जहाजाची सहल भेट दिली होती. मुंबईहून निघायचं, गोवा करायचं, लक्षद्वीपला जायचं, परत यायचं. एकाच कंपनीची दोन जहाजं होती. मोठं 'सिंधुराणी', लहान 'सिंधुकन्या'. अंकुरने अट एकच घातली होती.

"ठरवायचं आईने. बाबांनी नाही, मी नाही, तुझ्या सुनेने नाही. कुठलं जहाज, कुठला मजला, कुठली खोली, सगळं आई सांगेल. रविवारपर्यंत."

"आणि नाही सांगितलं तर?" विष्णुरावांनी विचारलं होतं.

"तर मग गॅरंटी केबिन. म्हणजे आपण निवडायचंच नाही. कंपनीकडे जी उरेल ती कंपनी देते."

विष्णुरावांचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे अलॉटमेंटच की! उत्तम. कटकट नाही."

नाही, लताबाईंनी मनाशी म्हटलं. या वेळी नाही. या वेळी मला कुणी खोली द्यायची नाही, मी घेणार. चांगली निवडून, पारखून घेणार.

पण काय निवडायचं, हे काही केल्या कळेना.

वरच्या मजल्यावरच्या कुसुमावतीबाई सिंगापूरला जाऊन जहाजावर राहून आल्या होत्या. त्यांचा सल्ला घ्यावा म्हणून लताबाई नकाशे काखोटीला मारून वर गेल्या, तर बाईंनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाल्कनी," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून बाल्कनी घे. बाल्कनी नाही तर जहाजात जाऊन उपयोग काय? आणि मोठं जहाज, ती राणीच घे. लाउंज किती असतात मोठ्या जहाजात! आमच्या जहाजावर तर लाउंजच लाउंज. पियानोचं वेगळं, पत्त्यांचं वेगळं, काचेच्या घुमटाचं वेगळं. एकातून निघालो की दुसऱ्यात."

"तुम्ही कुठल्यात बसायचा?"

"बसायचो?" कुसुमावतीबाई जरा थांबल्या. "बसायला वेळ कुणाला होता गं? फोटो काढत होतो."

"आणि बाल्कनीत?"

"तिथे वारा फार. यांना सर्दी झाली. पण घ्यायची बाल्कनीच!"

लताबाई खाली आल्या त्या वर गेल्या होत्या त्याहून जास्त गोंधळून. मग त्यांनी दुसरा उपाय केला. जहाजात आपण खरोखर आहोत असं धरून चालून बघायचं. राणीच्या नकाशावर बाल्कनीची एक खोली धरली, दारावर बोट टेकवलं आणि निघाल्या घुमटाच्या लाउंजकडे. बोट कॉरिडॉरमधून सरळ निघालं, दुकानांवरून गेलं, जिना ओलांडला आणि एका पांढऱ्या चौकोनापाशी अडकलं.

"हे काय आहे हो?"

"गॅली. म्हणजे भटारखाना."

"मी भटारखान्यात कशी आले?"

"तू लिफ्टने एक मजला वर जायला हवं होतंस."

बोट लिफ्टने वर गेलं. "इथे पोहण्याचा तलाव आहे."

"मग त्याच्या कडेकडेने पुढे."

"पुढे मुलांची घसरगुंडी."

"मग खाली ये."

"खाली आले तर थिएटर. थिएटरमधून बाहेर पडायचा रस्ता मागे, आणि मागे पुन्हा माझीच खोली!"

"करोल बागेच्या गल्ल्या बऱ्या यापेक्षा," विष्णुराव म्हणाले. तासभर दोघांची दोन बोटं राणीच्या पोटात फिरत होती. एकदा तर ती एकमेकांवर आपटली, तेव्हा विष्णुराव म्हणाले, "नमस्कार, इकडे कुठे?" लताबाई हसल्या. पण हसू ओसरल्यावर उरला तो गोंधळच. घुमट काही सापडला नाही. कन्येत चुकायला जागाच नव्हती, तिच्यात लाउंज मुळी दोन. एक मागे, जेवणाच्या हॉलला लागून. दुसरं वरच्या मजल्यावर अगदी पुढे, तोंडाशी. पण बाल्कनीच्या खोल्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या काही तलावाखाली. म्हणजे पहाटे डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज. वर राहणाऱ्यांनी खुर्ची सरकवली की खाली काय होतं, हे तळमजल्यावरच्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सोड ना," विष्णुराव शेवटी म्हणाले. "गॅरंटीवाली घेऊ. देतील ती आपली. आजवर काही बिघडलं का?"

लताबाईंनी कन्येचा नकाशा पुन्हा पुढे ओढला. पंप तेवढ्यात चालू झाला होता, बोलून ऐकूही गेलं नसतं.

रविवारी सकाळी सून निधी आली. अंकुरला सुट्टीच्या दिवशीही कुठल्याशा कामाला बसावं लागलं होतं. तिघं मेट्रोने करोल बागेला निघाले, कारण तिकिटं काढणारे गुणवंतभाई तिथे बसायचे. निधी जन्मापासून दिल्लीची. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि कुठलं कधी संपून कुठलं सुरू होतं याचा तिला स्वतःलाच पत्ता नसायचा.

डबा रिकामा होता. लताबाईंनी नकाशा मांडीवर पसरला.

"निधी, मला एक सांग. लाउंज म्हणजे नक्की काय?"

"लाउंज म्हणजे आई... बैठनेकी जगह."

"ते कळलं गं. पण बसून करायचं काय?"

"काही नाही. बिल्कुल काही नाही. जिथे काही करायचं नसतं ना, ते लाउंज."

"आणि त्यासाठी एवढी मोठी जागा? गालिचे, झुंबरं?"

"आई, लोकांना घरी काही न करता बसायला मिळत नाही ना. म्हणून तिथे जाऊन बसतात."

लताबाईंना हे पटलं, आणि पटल्यामुळे आणखीच गोंधळल्यासारखं झालं. "मग आम्ही असे बसायचो की. सरोजिनी नगरात."

"सरोजिनीत?" निधीचे डोळे मोठे झाले. "तिथे तर कपडे मिळतात फक्त. लोक राहायचे तिथे?"

"राहायचे म्हणजे! घरं होती ती सरकारी. समोर मोठं मैदान हिरवळीचं. थंडीत घरात नुसतं गारठायला व्हायचं. मग जेवणं उरकली की सगळ्या बायका आपापली खुर्ची घेऊन बाहेर. कुणी मटार सोलतंय, कुणी विणतंय. आमच्या समोरच्या राधा भाभी तर डोक्याला तेल लावून घ्यायच्या माझ्याकडून. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. पुन्हा सरकलं, पुन्हा खुर्ची उचलायची. दुपारी झाडाखाली सुरुवात करायची आणि संध्याकाळी निघायचो ते थेट पाण्याच्या टाकीपाशी."

"तुझी जागा कुठली असायची?"

"जागा कसली? जिथे ऊन तिथे जागा."

"पण मी ऑफिसातून आलो की घर बंद, आणि चहा नाही," विष्णुराव मधेच म्हणाले. ते ऐकत नव्हते असं दोघींना वाटत होतं. "किल्ली मागायला मैदानभर हिंडायचो मी. आज झाडाखाली, उद्या टाकीपाशी. एकदा चुकून कुणा दुसऱ्याच बाईंना हाक मारली मागून."

"चुकून?" निधी म्हणाली.

"अगं, सगळ्यांच्या शाली सारख्या!"

लताबाई हसल्या. हसता हसता त्यांनी नकाशाची घडी घातली. काहीतरी आठवता आठवता निसटलं असं त्यांना वाटलं. काय ते मात्र कळेना. करोल बाग आलं.

गुणवंतभाईंचं ऑफिस गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, वर चढेपर्यंत रेक्झिनचा वास नाकात बसला. भाईंनी चहा मागवला, खुर्च्या पुसल्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर राणी उलगडून दाखवायला सुरुवात केली.

"ये देखिए आंटीजी, पियानो लाउंज. ये सिगार लाउंज, सर के लिए."

"मी ओढत नाही," विष्णुराव म्हणाले.

"कोई बात नहीं, बैठ सकते हैं. ये डोम लाउंज, ऊपर पूरा शीशा. ऐसे समझिए, महल है महल. और ये कन्या..." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, एक फोटो आला आणि गेला. "ये तो सिंपल है. फॅमिली क्लास. मेरी मानिए, चालीसवीं सालगिरह है, राणी लीजिए, बाल्कनी लीजिए."

"गारंटीवाली नहीं है क्या?" विष्णुरावांनी हळूच विचारलं.

"है ना सर, बिल्कुल है! उसमें टेन्शन ही नहीं. जो कंपनी दे दे." गुणवंतभाईंनी पेन उघडलं. "तो फिर वही कर दूँ?"

"आई?" निधी म्हणाली.

तिघंही लताबाईंकडे बघायला लागले. खाली कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं. लताबाईंच्या डोक्यात घुमट, तलाव, भटारखाना, पूर्व-पश्चिम सगळं एकमेकांत मिसळलं होतं. बाल्कनी घ्यावी तर वारा, वर घ्यावी तर तलाव, राणी घ्यावी तर चुकणार, कन्या घ्यावी तर सगळे म्हणणार हे काय घेतलंस. ओठांवर ते जुनं वाक्य आलंच होतं. एकदा म्हणून टाकलं की झालं, सगळे सुटले. त्याही सुटल्या.

त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"भाईसाब, ये हिलती हैं क्या?"

गुणवंतभाई तयारच होते. "अरे नहीं आंटीजी! आजकल के जहाज बिल्कुल नहीं हिलते. चाय का कप रख दो, छलकेगा नहीं."

"जहाज नहीं. कुर्सी."

"कुर्सी?"

"कुर्सी हिलती है? मतलब उठाके इधर से उधर ले जा सकते हैं?"

गुणवंतभाईंनी विष्णुरावांकडे बघितलं. विष्णुरावांनी निधीकडे. निधीने खांदे उडवले.

"आंटीजी, कुर्सी क्यों ले जानी है? हर जगह कुर्सी है."

"हाँ, पर हिलती है कि नहीं?"

"अगं, काय विचारतेयस तू?" विष्णुराव मराठीत कुजबुजले. "काय वाटेल त्यांना?"

"काय वाटायचं ते वाटू दे. मला माहीत करून घ्यायचंय."

काय माहीत करून घ्यायचंय हे त्यांना स्वतःलाही पुरतं उमगलेलं नव्हतं. पण प्रश्न एकदा तोंडातून सुटला होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय इथून उठायचं नाही एवढं मात्र पक्कं वाटत होतं. भाईंनी नकाशात बघितलं. नकाशात खुर्च्यांचे ठिपके होते, ते हलतात की नाही हे लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या ओळखीच्या, दोन्ही जहाजांवर काम करून आलेल्या कुणाला तरी लावला. "हाँ भाई, एक अजीब सवाल है," अशी सुरुवात झाली. मग नुसतंच "अच्छा... अच्छा... सच में?" चाललं. तिघं चहाच्या रिकाम्या पेल्यांकडे बघत बसले.

फोन ठेवून भाई म्हणाले, "राणी में सब फिक्स है. सोफे हैं, ज़मीन में कसे हुए. खिड़की के पास वाले तो पहले से रिझर्व हो जाते हैं, कार्ड लगा रहता है. एकदम सिस्टम से."

"और कन्या में?"

"कन्या में..." भाईंचा आवाज जरा उतरला, माल खराब निघाल्यासारखा. "वो आगे वाले लाउंज में बेंत की कुर्सियाँ हैं. खुली. बोल रहा था, लोग खींच खींच के धूप में ले जाते हैं, फिर छाँव में, फिर वापस. शाम को स्टाफ सब समेटता है. बहुत परेशान रहते हैं बेचारे. इसीलिए मैं कहता हूँ, राणी..."

"कन्या," लताबाई म्हणाल्या.

"आंटीजी, एक बार सोच लीजिए."

"कन्या. और कमरा वो ऊपर वाला, लाउंज के पास जो सीढ़ी है, उसके बाजू में." त्यांनी नकाशा उलगडला आणि बोट टेकवलं. या खेपेला बोट कुठेही अडकलं नाही. दार, जिना, लाउंज.

गुणवंतभाई वाकले. वाकून परत सरळ झाले. "आंटीजी, ये इनसाइड है. इसमें खिड़की नहीं है."

"मालूम है."

"खिडकी नाही?" विष्णुरावांचा आवाज इतका चढला की खालची हातोडी क्षणभर थांबली. "लता, अगं, समुद्रावर जायचं आणि समुद्र दिसणार नाही अशा खोलीत राहायचं? हसतील लोक! कुसुमावतीबाईंना काय सांगणार?"

"आई, पक्कं ना?" निधीही गोंधळली होती. "अंकुर म्हणाला होता बाल्कनी घेतली तरी चालेल. तू संकोच नको करूस."

"संकोच नाही गं. खोलीत मी बसणारच नाहीये. झोपायला पुरे ती. खिडकीचं मी काय करू?" बोलता बोलता लताबाईंना त्यांचं म्हणणं जरा जरा ऐकू येऊ लागलं. "घर घ्यायचंय असंच धरून बसले होते मी इतके दिवस. दिशा बघतेय, मजला बघतेय. घर आहे की आपल्याकडे! मला बाहेर बसायचंय. खुर्ची मी उचलीन, मी ठेवीन. कुणी म्हणायचं नाही, ही तुमची."

लताबाईंच्या मनात लगेच शंका सुरू झाल्या. बरोबर केलं की सगळ्यांचा हिरमोड केला? खिडकी नसलेली खोली खरंच कोंदट असली तर? पुढच्या लाउंजमध्ये ऊन येतच नसलं तर? पाऊस लागला तर? एक सुटला की दुसरा, प्रश्न येतच राहिले. पण त्यांनी नकाशावरचं बोट उचललं नाही.

"और सर?" गुणवंतभाईंनी पेन विष्णुरावांकडे वळवलं. "सर को चलेगा?"

विष्णुराव खुर्चीत मागे रेलले. चष्मा काढला, पुसला. "मला कुठे कोण विचारतंय," ते म्हणाले. रागाने नव्हे. उन्हातून घरात आल्यावर डोळ्यांसमोर अंधारी यावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"विचारते ना," लताबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय हवंय?"

"मला?"

"हो, तुम्हाला. मी तिथे पुढे बसेन. तुम्ही काय करणार? कुठे बसायचंय तुम्हाला?"

विष्णुरावांच्या नावावर आजवर क्वार्टर आलं होतं, टेबल आलं होतं, तळमजला आला होता. जे आलं ते त्यांनी सही करून घेतलं होतं, आणि घेतल्यावर कधी कुरकुर केली नव्हती. त्यांनी निधीकडे बघितलं, ती फोनवर बाल्कनीचे फोटो बघत असल्याचं सोंग करत होती. त्यांनी गुणवंतभाईंकडे बघितलं. भाई पेन धरून थांबले होते. नकाशा त्यांनी स्वतःकडे ओढला, आडवा केला, उभा केला.

"तसं... काही खास नाही," ते म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात, "जेवणाच्या हॉलपासून फार लांब नको. आणि... ते मागचं लाउंज आहे ना, तिथे कुणी बुद्धिबळ खेळत असतील तर बघायला आवडेल. खेळायला नको. नुसतं बघायला."

"क्या बोले सर?" गुणवंतभाईंनी लताबाईंना विचारलं.

एरवी लताबाईंनी सांगून टाकलं असतं. या घरात विष्णुरावांचा चहा किती गोड, पांघरूण कुठलं, पेपर कधी, हे जगाला सांगायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी भाईंकडे न बघता खुर्ची थोडी नवऱ्याच्या बाजूला वळवली.

"सांगा की त्यांना," त्या म्हणाल्या. "मोठ्याने सांगा. आम्हाला घाई नाही."